‘ला बोएम’ गाण्याआधी

सांगली

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फ्रेंचच्या कार्यक्रमात ‘ला बोएम’ म्हणायचं ठरलंय, पण आवाज घोगरा आहे म्हणून गाणं बदलू का, असं विचारतोस. बदलू नकोस. ज्याचं हे गाणं आहे त्या फ्रेंच गायक शार्ल आझ्नावूरचा आवाज तुझ्यापेक्षा जास्त घोगरा होता. त्या आवाजावर त्याला वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागलं. तरी तो चौऱ्याण्णवाव्या वर्षापर्यंत रंगमंचावर उभा राहिला. ते कसं जमवलं हे नीट कळलं तर तुझं अर्धं काम होईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

आधी माणूस. जन्म 22 मे 1924, पॅरिस. आईवडील आर्मेनियन, अमेरिकेच्या व्हिसाची वाट बघत पॅरिसमध्ये थांबलेले. व्हिसा काही आला नाही आणि कुटुंब तिथेच राहिलं. मुलाचं खरं नाव शाहनूर, आडनाव आझ्नावूरियान. वडील मिशा हे गाणारे, खानावळ चालवणारे. आई क्नार आणि मोठी बहीण आयदा. घरात पैसा नव्हता, पण गाणं आणि नाटक रोजचं. 1933 साली, नऊ वर्षांचा असताना, तो व्यावसायिक रंगभूमीवर बालनट म्हणून उभा राहिला. शाळा लवकर सुटली, ती कायमची. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ज्याच्या शब्दांचं फ्रान्सने एवढं कौतुक केलं त्याने भाषा वर्गात बसून शिकलेली नव्हती. त्याने ती रंगमंचावर कमावली आणि उरलेली स्वतः वाचून शिकला.

युद्धाच्या वर्षांत पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं. त्या काळात या कुटुंबाने आपल्या लहानशा घरात ज्यूंना आणि प्रतिकार चळवळीतल्या लोकांना लपवलं. मिसाक मानुशियान आणि मेलिने हे त्या चळवळीतलं आर्मेनियन जोडपं त्यांच्या घरोब्यातलं. मिसाकला 21 फेब्रुवारी 1944 रोजी मों-व्हालेरियँच्या किल्ल्यात गोळ्या घातल्या. बरोबर ऐंशी वर्षांनी, 2024 साली, त्या दोघांना पॅरिसच्या पाँतेओं या राष्ट्रीय स्मारकात स्थान मिळालं. आझ्नावूरच्या गाण्यांत हरलेल्या, विसरल्या गेलेल्या, कडेला पडलेल्या माणसांबद्दल जी जवळीक आहे ती अशा घरातून आलेली आहे, असं मला मनापासून वाटतं.

याच सुमारास त्याला पिएर रोश भेटला. रोश पियानो वाजवायचा आणि चाली बांधायचा, आझ्नावूर शब्द लिहायचा, आणि दोघं मिळून गायचे. 1946 मध्ये प्रसिद्ध गायिका एडित पियाफने त्यांना ऐकलं आणि आपल्या दौऱ्यांवर घेतलं. पुढे दोघं माँट्रियलला गेले. तिथल्या ‘फेझां दोरे’ या कॅबरेत त्यांनी बराच काळ रोजचे कार्यक्रम केले आणि बऱ्यापैकी नाव कमावलं. रोश तिकडेच रमला. आझ्नावूर पॅरिसला परतला तो एकटा आणि जवळपास शून्यावर. मग काही वर्षं तो पियाफच्या गोतावळ्यात राहिला. तिच्यासाठी गाणी लिहायची, गाडी चालवायची, सामान उचलायचं, दिव्यांची व्यवस्था बघायची, सगळं केलं. नाकाची शस्त्रक्रिया केली तीही तिच्या आग्रहाने. लोक याला उमेदवारीची हलाखी म्हणतात. मला ती त्याची खरी शाळा वाटते. दिवे कुठून पडले की चेहरा दिसतो, पडदा किती वेळात उघडला की टाळ्या तुटत नाहीत, कोणत्या गाण्यानंतर कोणतं गाणं पडतं, हे त्याने विंगेत उभं राहून रोज पाहिलं.

आता ती यादी. 1950च्या सुमाराला त्याने स्वतःच्या उणिवा कागदावर मांडल्या आणि पुढे आत्मचरित्रात छापल्याही. आवाज, उंची, हातवारे, शिक्षण आणि संस्कार यांची कमतरता, तोंडावर बोलण्याची सवय, आणि व्यक्तिमत्त्वाचा अभाव, अशी ती यादी. पुढे एकेका उणिवेसमोर काय करता येईल तेही लिहिलं. आवाज बदलता येणार नाही. ज्या शिक्षकांकडे गेला त्यांनी गाऊच नकोस म्हणून सांगितलेलं. तरी गायचंच, हे ठरलेलं. उंची तर बदलण्यातली नव्हतीच, तो जेमतेम पाच फूट तीन इंच होता. पण हातवारे सुधारता येतात, वाचन वाढवता येतं, आणि आपल्या तोंडी शोभेल असं गाणं लिहिता येतं. त्याने हाच मार्ग धरला. दुसऱ्यांच्या धाटणीची प्रेमगीतं या आवाजात खोटी वाटतात हे ओळखून त्याने या आवाजाची माणसं शोधली. थकलेला नवरा, म्हातारा होत चाललेला प्रियकर, नाव न झालेला गायक. अशा माणसांच्या तोंडी गुळगुळीत आवाज उलट खोटा वाटला असता.

यातलं एक उदाहरण फार बारकाईने बघण्यासारखं आहे. 1960 मधलं ‘झ म व्हॉयॅ देझा’. खेड्यातून मोठा गायक व्हायला आलेला तरुण, आता वय झालेलं, नाव काही झालेलं नाही, आणि तरी तो अजून स्वतःला मोठ्या जाहिरातीवर बघतो आहे. हे गाणं आझ्नावूरने गायक-नट इव्ह माँताँला देऊ केलं होतं, त्याने नाकारलं. मग 12 डिसेंबर 1960 रोजी आलाम्ब्रा नाट्यगृहात तो स्वतःच गायला. पॅरिसचे समीक्षक तोवर त्याच्या विरोधात होते. गाण्यात त्याने प्रेक्षकांकडे पाठ केली आणि मागचे दिवे थेट सभागृहावर सोडले. प्रेक्षक जणू विंगेत उभे आहेत आणि गायक पलीकडच्या, त्यांना न दिसणाऱ्या प्रेक्षकांसमोर गातो आहे. गाणं संपलं, क्षणभर सभागृह गप्प, आणि मग टाळ्यांचा कडकडाट. त्या रात्रीनंतर त्याच्या आवाजाची चर्चा थांबली नाही, पण तिचा सूर बदलला. यात आवाजाचं काम किती आणि मांडणीचं किती, ते तूच मोज.

त्याची लेखनाची पद्धत तुला उपयोगी पडेल, कारण तूही लिहितोस. त्याच्या गाण्यात बहुतेक वेळा ‘मी’ बोलतो, आणि तो ‘मी’ म्हणजे एक ठरावीक माणूस असतो. त्याला धंदा असतो, वय असतं, खोली असते. पहिल्या दोन ओळींत आपल्याला कळतं कोण बोलतंय आणि कोणाशी. मग तपशील येतात, आणि शेवटच्या कडव्यात गाणं वळतं. ‘त्यु त लेस आले’ मध्ये नवरा बायकोला भरपूर बोलून घेतो, ती कशी अजागळ झाली आहे ते मोजून सांगतो, आणि शेवटी तिच्याकडेच जवळ ये म्हणतो. ते वळण नसतं तर गाणं नुसतं दुष्ट झालं असतं. 1972 च्या ‘कॉम इल दीझ’ मध्ये बोलणारा पुरुष समलिंगी आहे. आईसोबत राहतो, रात्री बाईच्या वेशात रंगमंचावर काम करतो. आजूबाजूच्यांनी हे गाणं करू नकोस म्हणून सांगितलं होतं. त्याने ते प्रथमपुरुषी एकवचनात लिहिलं, कुठेही टर न उडवता, आणि स्वतः गायलं. ‘तो’ असं लिहिलं असतं तर ऐकणारा सुरक्षित अंतरावर बसला असता. ‘मी’ म्हटल्यावर त्याला त्या खोलीत यावंच लागतं.

दुसऱ्यांसाठीही त्याने खूप लिहिलं. जिल्बेर बेकोबरोबर सुरुवातीची गाणी, ज्युलिएत ग्रेकोने गायलेलं ‘झ ए ले दिमांश’, जे आधी पियाफने नको म्हटलं होतं, जॉनी हालिदेसाठी 1961 मध्ये ‘रतियँ ला न्वी’. या शेवटच्याची चाल जॉर्ज गारवारेंत्झची, जो पुढे आयदाचा नवरा झाला. दुसऱ्याच्या तोंडासाठी लिहिताना शब्द किती वेगळे निवडावे लागतात हे हालिदेचं गाणं ऐकून बघ. तिथे एकविसाव्या वर्षाच्या आतला मुलगा बोलतोय, तर वाक्यं छोटी, स्वर मोकळे आणि लांब धरता येतील असे.

आता तुझं गाणं. ‘ला बोएम’ चे शब्द आझ्नावूरचे नाहीत, ते झाक प्लांतचे. चाल आझ्नावूरची. निवेदनात हे बरोबर सांग, बहुतेक कार्यक्रमांत चुकीचं सांगतात. ‘मोसिय कार्नाव्हाल’ या ऑपरेट्यासाठी, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकासाठी, ते बांधलं गेलं. डिसेंबर 1965 मध्ये पॅरिसच्या शातले थिएटरमध्ये तो उभा राहिला आणि त्यात जॉर्ज गेतारी हे गाणं गायचा. आझ्नावूरने ते स्वतःही ध्वनिमुद्रित केलं आणि लोकांच्या मनात ते त्याचंच झालं. पुचिनीच्या 1896 च्या याच नावाच्या ऑपेराशी याचा संबंध फक्त शब्दापुरता. बोएम म्हणजे कलावंतांचं ते बिनपैशाचं, बिनघड्याळाचं जगणं. एकोणिसाव्या शतकात आंरी म्युर्जेच्या लेखनामुळे हा शब्द रूढ झाला.

गाण्यात एक वयस्क चित्रकार वीस वर्षांखालच्या मुलांना ठाऊक नसलेल्या काळाबद्दल सांगतो. मोंमार्त्रच्या टेकडीवरची भाड्याची साधी खोली, खिडकीखाली लायलॅकची फुलं, तो उपाशी आणि ती त्याची मॉडेल. मग आसपासच्या कॅफेंतली मित्रमंडळी, गरम जेवणाच्या बदल्यात दिलेलं चित्र, शेगडीभोवती म्हटलेल्या कविता. मग रात्रभर चित्राची रेघ सुधारत बसणं आणि सकाळी कॉफी. शेवटच्या कडव्यात तो जुन्या पत्त्यावर परत जातो. भिंती ओळखू येत नाहीत, रस्ते ओळखू येत नाहीत, स्टुडिओचा मागमूस नाही, लायलॅक मेलेली. चार कडवी, आणि प्रत्येक कडव्यानंतर तेच दोन शब्द ‘ला बोएम’, पण दर वेळी त्यांचा अर्थ पुढे सरकलेला. पहिल्यांदा सुख, मग रूप आणि हुशारी, मग तारुण्य, आणि शेवटी तो म्हणतो की या शब्दाला आता काही अर्थच उरला नाही.

इथे बहुतेक गायक घसरतात. शेवट ठाऊक असल्यामुळे पहिल्या ओळीपासूनच रडवा सूर लावतात. अरे, पहिली तीन कडवी तो मजेत सांगतोय! भूक, थंडी, जागरण, सगळं तो चवीने सांगतो. पहिल्या कडव्यात हसू येऊ दे. दुःख आलं तर फक्त चौथ्यात, आणि तेही आवाज चढवून नाही. तिथे आधी थोडं कमी कर, जवळजवळ बोल. वाद्यमेळ पुढे चढत जातो, त्याला चढू दे. तू आधीच वर जाऊन बसलास तर शेवटच्या ध्रुपदाला चढायला जागाच उरत नाही.

छंद बघितलास का? कडव्यातली प्रत्येक ओळ सहा अक्षरांची. सहा, सहा, सहा, मग पुन्हा सहा, सहा, सहा. सुरुवातीच्या सहा ओळींत पहिलीचा यमक दुसरीशी, चौथीचा पाचवीशी, आणि तिसरीचा थेट सहावीशी. हे तुझ्या अंगात आधीपासून आहे. आपल्या मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा अक्षरांचेच असतात आणि चौथा चार अक्षरांचा. ‘सुंदर ते ध्यान’ बोटांवर मोजून बघ, सहा, सहा, सहा, चार. अभंगात यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला जुळतं, इथे पहिल्या-दुसऱ्याला, एवढा फरक. शिवाय फ्रेंचमध्ये जोर नेहमी शब्दसमूहाच्या शेवटच्या अक्षरावर. म्हणजे पाच अक्षरं हलकी, पुढे धावणारी, आणि सहावं टेकणारं. मराठीच्या सवयीने पहिल्या अक्षरावर जोर दिलास तर ओळ लंगडते. आधी चाल सोडून नुसतं बोटांवर मोजत, सहाव्या अक्षरावर टाळी देत चारही कडवी म्हण. तीन दिवस तेवढंच कर.

मोजताना मूक ‘अ’ चा घोटाळा होतो. बोलण्यातल्या फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतात, गाण्यात तो पुढे व्यंजन आलं की उच्चारतात. पहिल्याच ओळीतला ‘पार्ल’ हा शब्द ‘पार्-ल’ असा दोन अक्षरी होतो, तेव्हाच सहा भरतात. पण पुढे स्वर आला की तो नाहीसा होतो. मोंमार्त्र या शब्दानंतर स्वर येतो, म्हणून तिथे ‘मों-मार्-त्रां-स-तां-ला’ अशी सहा होतात. ओळीच्या अगदी शेवटी मूक अ असेल तर तो सातवा, श्वासासारखा हलका. त्याला जोर दिला तर शाळकरी वाटतं.

उच्चारांत आपल्याला एक मोठा फायदा आहे आणि एक मोठी खोड. फायदा असा की फ्रेंच त आणि द हे आपल्यासारखे दंत्य असतात, आणि प, त, क यांत हवेचा झोत नसतो. इंग्रजीच्या सवयीने ‘टां’ म्हणू नकोस, सरळ मराठी ‘तां’ म्हण. खोड अनुस्वाराची. आपण ‘तां’ लिहिलं की पुढच्या व्यंजनाप्रमाणे न, म किंवा ङ काढून मोकळे होतो. फ्रेंचमध्ये नाकातला स्वर स्वरच राहतो, जीभ वर टेकत नाही, ओठ मिटत नाहीत. ‘हंस’ म्हणताना एक नाकातला भाग येतो तो आठव, आणि जीभ कुठेही न लावता तो लांबव. आरशासमोर उभा राहा. ‘तां’ म्हणून झाल्यावर तोंड उघडं असेल तर बरोबर, जिभेचा शेंडा दातांमागे गेला असेल तर चूक. वीस वर्षं या अर्थाच्या शब्दांत मधला त जोडला जातो, ‘व्हँ-ताँ’, तो विसरलास तर यमक राहतं पण ओळ तुटते. आणि ‘न्यू’ या शब्दातला स्वर आपल्याकडे नाही. ओठ ऊसाठी गोल कर आणि आतून ई म्हण. पहिल्या कडव्याच्या शेवटचं यमक त्याच स्वरावर उभं आहे, म्हणून त्यावर एक संध्याकाळ गेली तरी हरकत नाही. घशातला र मात्र खरवडू नकोस, आधीच घोगऱ्या आवाजात तो खाकरल्यासारखा येतो. हलका ठेव.

ताल. गाणं वॉल्ट्झमध्ये आहे, तीन मात्रांचं. तुमच्या गटात तबला आहे म्हणतोस, आणि तबलजी साहजिकच दादरा लावेल. इथे सांभाळ. दादरा सहा मात्रांचा, चौथ्या मात्रेवर खाली, म्हणजे बिनजोराची मात्रा, येते, म्हणून कानाला सहाचा एक गट ऐकू येतो, दोन खांदे असलेला. वॉल्ट्झला तीनच मात्रा, पहिली जड आणि खोल, दुसरी-तिसरी हलक्या, आणि प्रत्येक आवर्तन तेवढंच. खाली आली की गाणं गिरकी घ्यायचं सोडून झुलायला लागतं आणि मराठी भावगीत होतं. तबला नकोच म्हणशील तर उत्तम. ठेवायचाच असेल तर त्याला फक्त बायाँ पहिल्या मात्रेवर द्यायला सांग, चाट नको. की-बोर्डवर डाव्या हाताने पहिल्या मात्रेला मूळ स्वर, उजव्याने दुसऱ्या-तिसऱ्याला तुटक कॉर्ड. कडव्यात की-बोर्डवाल्याने तुझ्या मागून चालायचं, तू बोलतोयस, तालात अडकायचं नाही. ध्रुपदात मात्र तीन मात्रा पक्क्या. शेवटच्या ध्रुपदाची लय वाढत जाते, ती किती वाढवायची हे दोघांनी आधी ठरवा. स्टेजवर ठरवायला गेलात तर तू एका वेगाने पळशील आणि तो दुसऱ्या.

पट्टी मूळ रेकॉर्डवरून घेऊ नकोस. शेवटच्या ध्रुपदातला सर्वांत वरचा सूर आणि कडव्याच्या सुरुवातीचा सर्वांत खालचा सूर, हे दोन्ही की-बोर्डवर शोध. वरचा सूर सकाळी, न तापलेल्या गळ्याने, ओरडल्याशिवाय लागला पाहिजे. नाही लागला तर अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली ये. खालच्या सुराची काळजी कमी कर, तो माईक उचलतो. माईक कडव्यात तोंडापासून तीन-चार बोटांवर धर. एवढ्या जवळ साधा डायनॅमिक माईक आवाजाचा खालचा भाग भरीव करतो, आणि घोगरेपणा त्रासदायक न वाटता जवळचा वाटतो. शेवटच्या ध्रुपदाला वीतभर दूर. साउंडवाल्याला ‘एको’ बंद करायला लाव, शब्द एकमेकांत मिसळले की सहा अक्षरांचा सगळा खेळ संपतो.

आणि हरकती, मुरक्या नकोत. तुझ्या गळ्यातून त्या सहज निघतात, म्हणून सांगते. या प्रकारच्या गाण्यात सूर शब्दाला उभं करायला असतो. एक मुरकी घेतलीस की ऐकणाऱ्याचं लक्ष गोष्टीतल्या चित्रकारावरून तुझ्या गळ्यावर येतं.

रुमालाचं विचारलंस. आझ्नावूर हे गाणं पांढरा रुमाल हातात घेऊन गायचा. चित्रकार बोटांवरचा रंग पुसतो तशी बोटं पुसायचा आणि शेवटी तो रुमाल जमिनीवर सोडायचा. पुढे पुढे लोक तो उचलायला पुढच्या रांगेत टपून असायचे. तू आधी रुमालाशिवाय पंचवीस-तीस वेळा गा. हात काय करतात ते बघ. ते आपणहून काही करायला लागले तर रुमालाची गरज नाही, नक्कल वाटेल. हात लोंबकळतच राहिले तर घे, पण मग त्या रुमालाला पूर्ण गाणंभर काम दे. एकेक बोट सावकाश, खऱ्या रंगासारखं, नखाच्या कडेने. मधेच खिशात आणि मधेच बाहेर असं नको. कापड सुती, बरेच वेळा धुतलेलं, खळ नसलेलं. खळीचा रुमाल पुठ्ठ्यासारखा आपटतो. मऊ रुमाल पडताना अर्धा क्षण हवेत राहतो आणि तेवढाच अर्धा क्षण तुला हवा आहे. फेकायचा नाही, बोटं उघडायची.

मराठीत रूपांतर करायचं मनात आहे, तर त्याबद्दलही. सराव म्हणून वहीत जरूर कर, अभंगाचा साचा हाताशी आहेच. पण ते रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचं असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी लागेल. रूपांतराचा हक्क कवीचा आणि प्रकाशकाचा असतो, तिथे ‘क्रेडिट दिलंय’ चालत नाही. फ्रान्समध्ये या बाबतीत लोक फार जागरूक आहेत. कवी, संगीतकार आणि प्रकाशक यांची ‘सासेम’ ही संस्था 1851 पासून आहे. मैफलीतून मिळणाऱ्या रॉयल्टीचे सर्वसाधारणपणे तीन सारखे भाग होतात, शब्दांचा एक, चालीचा एक, प्रकाशकाचा एक. आझ्नावूरला हे इतकं नीट कळत होतं की 1990च्या दशकात त्याने आपल्याच जुन्या प्रकाशकाची, राऊल ब्रेतोंची संस्था भागीदारीत विकत घेतली. तुझी स्वतःची गाणी कुणी मागायला लागलं की आधी आय.पी.आर.एस. (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ची माहिती काढ. आपल्याकडे ती 1969 पासून हेच काम करते. कुठल्याही कागदावर ‘सर्व हक्क’ हे दोन शब्द दिसले तर सही करण्याआधी मला फोन कर.

रूपांतराचा चांगला नमुना हवा असेल तर ‘इएर आंकोर’ आणि त्याचं इंग्रजी रूप शेजारी शेजारी ऐक. इंग्रजी शब्द हर्बर्ट क्रेट्झमरचे. त्याने ओळीमागे ओळ न लावता गोष्ट तीच ठेवून प्रतिमा इंग्रजीतल्या घेतल्या. त्याच क्रेट्झमरबरोबर आझ्नावूरने ‘शी’ केलं, जे 1974 मध्ये ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. फ्रान्समध्ये मात्र त्या गाण्याला त्या मानाने फार थोडं यश मिळालं. एकच चाल दोन देशांत इतकी वेगळी का चालली, यावर तुझे सर चांगलं बोलू शकतील, विचार त्यांना.

बाकी आयुष्य थोडक्यात. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायला. सिनेमात कामं केली, त्यातलं दिग्दर्शक त्र्यूफोच्या 1960 च्या चित्रपटातलं पियानोवादकाचं काम जरूर बघ. चेहऱ्यावर किती कमी हालचाल आणि तरी किती दिसतं, हे तुला स्टेजवर उपयोगी पडेल. 7 डिसेंबर 1988 रोजी आर्मेनियात भीषण भूकंप झाला. त्याने ऐंशीच्या वर फ्रेंच कलावंत गोळा करून मदतीसाठी गाणं केलं, ते फ्रान्समध्ये दहा आठवडे अव्वल राहिलं. पुढे तो आर्मेनियाचा स्वित्झर्लंडमधला राजदूत झाला. शेवटच्या वर्षांत स्मरणशक्ती आणि कान दोन्ही साथ देईनात, तेव्हा समोर शब्द दाखवणारा पडदा लावायचा आणि तसं प्रेक्षकांना सरळ सांगायचा. शेवटची मैफल 19 सप्टेंबर 2018, ओसाका. 1 ऑक्टोबरला प्रोव्हान्समधल्या मुरियेस इथल्या घरी गेला. पॅरिसच्या अँव्हालीद या लष्करी स्मारकात त्याला राष्ट्रीय मानवंदना दिली गेली. 2024 मध्ये त्याच्यावर फ्रेंच चित्रपटही आला, पण तो कार्यक्रम झाल्यावर बघ. आधी बघितलास तर आझ्नावूर करणाऱ्या नटाची नक्कल करशील.

तर आता असं कर. पहिला आठवडा फक्त शब्द, वर सांगितल्याप्रमाणे टाळीवर. दुसऱ्यात पट्टी ठरव आणि कडवी बोलत गा, ध्रुपद सोड. तिसऱ्यात की-बोर्डबरोबर ध्रुपदं आणि शेवटची वाढती लय. मोबाइलवर रेकॉर्ड करून चौथ्या कडव्याचं तेवढं मला पाठव, बाकीचं नको. आणि रात्री सराव झाल्यावर थंड पाणी पिऊ नकोस, घोगरेपणा चालेल पण सूज नको. घरातला तो जुना पांढरा सुती रुमाल धुऊन ठेवलाय, मामा रविवारी पुण्याला येतोय त्याच्याबरोबर देते.

तुझी,
आई